हातावरची वेळ

आमच्या वॉर्डात वेळ दोन ठिकाणी कळायची. एक भिंतीवरच्या घड्याळात, आणि दुसरी पोरांच्या हातावर. भिंतीवरचं घड्याळ सात-आठ मिनिटं पुढे होतं आणि ते कुणी कधी नीट केलं नाही. पोरांच्या हातावरची वेळ मात्र बिनचूक असायची, कारण ती गांगुर्डे सिस्टरांनी बॉलपेनने लिहिलेली असायची.

नाशिकच्या एका धर्मादाय रुग्णालयात मी लॅब टेक्निशियन होतो. माझं खरं काम रक्त काढायचं आणि तपासायचं. पण बारीक शीर सापडवण्यात माझा हात बरा, म्हणून लहान मुलांच्या वॉर्डातल्या सलाइनच्या सुयाही माझ्याच गळ्यात पडायच्या. पोरं मला 'डासकाका' म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते मला ठाऊक आहे, आणि ती आता एकोणीस वर्षांची आहे. तिच्याकडे पुढे येतोच.

पहिल्याच आठवड्यात गांगुर्डे सिस्टरांशी माझं वाजलं. सिन्नरचा चार-पाच वर्षांचा एक मुलगा होता, तापाने फणफणलेला. मी ट्रे घेऊन गेलो, हात धरला, तर मनगटाच्या वर पांढऱ्या मलमाचा एक गोळा आणि त्यावर पारदर्शक चिकटपट्टी. पट्टीवर लिहिलेलं, १०.२०. मी पट्टीला नख लावलं तेवढ्यात मागून एक जाडसर पंजा माझ्या हातावर येऊन बसला.

"वेळ झाली नाय."

"कसली वेळ?"

"अकरा-वीसची. आता किती वाजले? पावणेअकरा. जा, चहा पिऊन या."

"सिस्टर, मला अजून अकरा पेशंट आहेत."

"मग अकरा चहा प्या."

बुटक्या, अंगाने भरलेल्या, केसांचा घट्ट अंबाडा, आणि ॲप्रनच्या खिशात सदैव तीन-चार मलमाच्या ट्यूब. त्या चालत आल्या की ट्यूबांची झाकणं एकमेकांवर वाजायची. कळवणच्या पुढच्या एका खेड्यातल्या. तीस वर्षं शहरात काढून बोलणं बरंच नाशिकचं झालं होतं, पण चिडल्या की गावाकडची अहिराणी वर यायची. कंबरेवर हात ठेवून त्या "हाई काय शे?" म्हणाल्या, की मोठे डॉक्टरसुद्धा आपल्या हातात काय आहे ते एकदा तपासून घेत.

त्या दिवशी मी खरंच चिडलो होतो. दुपारी त्यांना म्हणालो, "हे मलम म्हणजे मनाचं समाधान आहे. पोरं रडायची ती रडतातच. वर या मलमाने कातडी पांढरी पडते, शिरा आकसतात, मला सापडत नाहीत."

त्यांना राग येईल असं वाटलं होतं. त्यांनी माझ्या डाव्या हाताची बाही वर सारली, मलमाचा गोळा ठेवला, पट्टी लावली आणि वेळ लिहिली. तासाभराने मला खुर्चीत बसवून दोन्ही हातांवर एकाच मापाची सुई लावली. उजव्या हाताला मी 'स्स' केलं. डाव्या हाताला कुणीतरी बोटाने दाबल्यासारखं वाटलं, आणि सुई खोल गेली तेव्हा आत कुठेतरी थोडी कळ आली. बस.

"आता बोला, मनाचं समाधान?"

"आत थोडं कळलं," मी म्हणालो.

"कळणारच. मलम कातडीचं आहे, आतलं नाही." आणि वर म्हणाल्या, "शिरेचं मात्र तुमचं बरोबर आहे हां. आकसते ती."

हे मला त्यांच्यात फार आवडलं. दुसऱ्या दिवसापासून मलम पुसलं की पाच-दहा मिनिटं थांबायचं, आणि रबरी हातमोज्यात कोमट पाणी भरून, गाठ मारून तो पोराच्या हातावर ठेवायचा, असा नवा नियम झाला. शीर वर यायची. पोरांना तो फुगलेला पाच बोटांचा मोजा इतका आवडायचा की काही जण सुई झाल्यावर तो घरी न्यायला मागत.

मलमाला काय येतं आणि काय येत नाही, याची त्यांच्याकडे पक्की यादी होती. नव्या जन्मलेल्या बाळाच्या टाचेतून रक्त घ्यायचं असेल तर त्या ट्यूबला हातही लावत नसत. "टाचेला त्याचा काही उपयोग नाय. मी लय वेळा बघितलं, बाळ तेवढंच रडतं." तिथे त्यांचा दुसरा उपाय होता. आईला सांगायचं, पदराखाली घे. आई जवळ नसेल तर साखरेच्या पाण्याचे दोन-चार थेंब जिभेवर. बाळ ते चाटण्यात गुंतलं की मला खूण करायच्या.

एकदा औषध कंपनीचा एक तरुण प्रतिनिधी आला. टाय लावलेला, घामाघूम. कुठल्याशा नव्या फवाऱ्याची माहितीपत्रकं वाटत म्हणाला, "मॅडम, लगेच काम करतं. लहान मुलांना शंभर टक्के पेनलेस." सिस्टरांनी पत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, चष्मा वर केला आणि खुर्ची पुढे ओढली.

"बसा." मग मला म्हणाल्या, "जाधव, जरा सुई आणा."

"मॅडम, मला एक मीटिंग आहे."

"दोनच मिनिटं लागतील. तुम्हीच म्हणालात ना, लगेच काम करतं."

बिचारा गेला तो गेलाच. पण सिस्टरांनी फवाऱ्याचा नमुना फेकला नाही. मी निघताना त्यांनी माझ्याच हाताचा बळी दिला. "गारठा भारी आहे," त्या निरखून म्हणाल्या, "मोठ्या पोराला चालेल. लहान पोर गारठ्यालाच घाबरेल." आणि यादीत तेही जमा झालं.

एवढ्या कडक बाई या एका गोष्टीत इतक्या हळव्या कशा, हे मी एकदा विचारलं होतं. आम्ही औषधांच्या खोलीत डबे लावत होतो. त्या हातातला डबा न ठेवता म्हणाल्या, "माझी पकड लय भारी होती, जाधव. मी नवीन होते तेव्हा साऱ्या दवाखान्यात नाव होतं माझं. कसलंही पोर असू द्या, मी धरलं की हलायचं नाय. डॉक्टर लोक म्हणायचे, गांगुर्डेंना बोलवा. मला त्याचा गर्व होता. मग एक दिवस बाजारात भाजी घेताना एका पोराने मला ओळखलं आणि आईच्या मागे लपून मुतलं." डबा फळीवर ठेवला. "सहा महिने झाले होते त्याला धरून."

त्यांची एक पद्धत होती, तिच्यावर पुढचं सारं उभं आहे. सुई झाली की पोराच्या तोंडाजवळ तोंड नेऊन त्या विचारायच्या, "नाही ना दुखलं?" पोराने मान हलवून 'नाही' म्हटलं की खिशातून लाल टिकल्यांचं पाकीट निघायचं. एक टिकली पोराच्या कपाळाला, मग तो मुलगा असो की मुलगी, आणि एक वॉर्डातल्या औषधाच्या कपाटाच्या दाराला. ते कपाट करड्या रंगाचं लोखंडी, पण दोन-तीन वर्षांत दार असं भरलं की दुपारचं ऊन खिडकीतून आलं की सगळं लालेलाल चमकायचं. पाहुण्यांना त्या दार दाखवायच्या. "एवढ्यांना नाही दुखलं." त्या वेळी चेहऱ्यावर जो आनंद असायचा तो मी आमच्या मोठ्या डॉक्टरांना पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांच्याही चेहऱ्यावर पाहिला नाही.

त्या दारावरच्या सगळ्यात जास्त टिकल्या तनूच्या.

तनुजा निफाडजवळच्या एका गावची. आई मंगल द्राक्षांच्या बागेत छाटणी-विरळणीच्या कामाला, वडील पिकअप चालवायचे. तनूला थॅलेसेमिया. अंगात रक्त टिकत नाही, म्हणून दर तीन आठवड्यांनी बाहेरून रक्त भरायचं, जन्मभर. आमच्याकडे आली तेव्हा सहा वर्षांची होती, दोन घट्ट वेण्या आणि अखंड तोंड चालू. मला पहिल्यांदा पाहून म्हणाली, "हा डास आहे का? रक्त पिणारा?" सिस्टर खो खो हसल्या आणि माझं बारसं झालं.

अडचण वेळेची होती. निफाडहून पहिली एसटी धरून यायचं, मग मलमाचा एक तास, मग रक्त चढायला तीन-चार तास, आणि संध्याकाळची गाडी चुकली की हाल. सिस्टरांनी तोड काढली. मंगलच्या हातात एक ट्यूब आणि पट्ट्या देऊन म्हणाल्या, "घरून निघतानाच मलम लावत जा. तास एसटीत जाईल." अशी साधी गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नव्हती. आल्याबरोबर तनू खाटेवर चढायची, हात पुढे करायची, मी सुई लावायचो, सिस्टर वाकून विचारायच्या, "नाही ना दुखलं?" आणि तनू म्हणायची, "नाय." टिकली कपाळाला, टिकली कपाटाला. असं वर्षभर चाललं.

आता मला जे सांगायचं आहे ते सोपं नाही. सुई लावताना पोराचा हात माझ्या हातात असतो. तोंड काहीही बोललं तरी हात बोलतोच. तनूच्या हाताची बोटं दर वेळी आवळायची. पायाचा अंगठा वळायचा, पोटाला खळगा पडायचा. मग एक श्वास सोडून ती हसून म्हणायची, "नाय." मला ते कळत होतं. पहिल्या महिन्यापासून कळत होतं. पण पोर रडत नव्हतं, माझी सुई एका फटक्यात जात होती, सिस्टर खूश होत्या. मी म्हटलं, चाललंय ते बरं चाललंय.

डिसेंबरात एका पाळीला तनू आली नाही. दोन दिवस वाट पाहून सिस्टरांनी फोन लावला. पलीकडून मंगल रडकुंडीला आलेली. "येतच नाय म्हणते हो सिस्टर. काल बागेत जाऊन लपली. आज कडी लावून बसली. सुईला नाय म्हणते."

"सुईला?" सिस्टरांनी फोन कानाचा काढून त्याच्याकडे पाहिलं. "पण तिला तर दुखत नाही."

मी तिथेच नळ्यांवर नावं चिकटवत होतो. मान खाली घालून चिकटवत राहिलो.

आणखी चार दिवस गेले. फोनवर मंगल म्हणाली, पोरगी पिवळी पडली, चार पायऱ्या चढली तरी धापा टाकते. वडिलांनी उचलून आणायचं ठरवलं होतं. सिस्टर म्हणाल्या, "उचलायचं नाही. धरायचं तर मुळीच नाही. मी येते." दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी रजा टाकली. मला त्यांनी विचारलंच नाही, फक्त सांगितलं, "सव्वासहाची गाडी आहे, स्वेटर घाला."

निफाडची थंडी नाशिककरांनाही सोसत नाही. गावात उतरलो तर बागांतून धूर निघत होता, द्राक्षांना हिव लागू नये म्हणून बांधावर शेकोट्या केलेल्या. तनू ओट्यावर उन्हात गोधडी पांघरून बसली होती. ओठांना रंग नव्हता. मला पाहून तिने दोन्ही हात गोधडीत घेतले. सिस्टर तिच्याशी काही बोलल्या नाहीत. मंगलने चहा टाकला, तो प्याल्या, मग सहज म्हणाल्या, "मंगल, ते मलम कसं लावतेस, दाखव बरं मला. माझ्याच हातावर."

मंगलने देवळीतून ट्यूब काढली. मीच ओळखली ती, चार महिन्यांपूर्वी दिलेली. दोन वेळांत संपायला हवी ती अजून अर्धी होती. तिने हरभऱ्याएवढं मलम बोटावर घेतलं, सिस्टरांच्या हातावर ठेवलं आणि अंगठ्याने गोल गोल चोळायला लागली. खूप मायेने चोळत होती. सर्दीला छातीला बाम चोळतात तसं.

"पार जिरेस्तोवर चोळते मी," ती म्हणाली. "मलम आत गेलं पायजे ना. आणि वरून रुमाल बांधते, दवाखान्याच्या फाटकाशी सोडून हात पुसते. त्या पट्ट्या लय महाग असतील म्हणून ठेवून दिल्यात जपून, पोरीच्या कामाला येतील."

देवळीत पट्ट्या होत्या. सगळ्या. एकावर एक नीट रचलेल्या.

मंगलची चूक नव्हती. आपल्याकडे मलम म्हणजे चोळायचंच असतं. आजीने चोळलं, आईने चोळलं, जितकं चोळावं तितकी माया. हे मलम चोळायचं नसतं, जाड गोळा ठेवून झाकून सोडून द्यायचं असतं, हे सिस्टरांनी कधी करून दाखवलंच नव्हतं. त्या फक्त म्हणाल्या होत्या, "लावत जा." वर्षभर त्या हातावर बधिर करणारं असं काही नव्हतंच.

सिस्टर किती तरी वेळ आपल्या चोळलेल्या हाताकडे बघत बसल्या. मग ओट्यावर जाऊन तनूच्या शेजारी खाली बसल्या, गुडघे दुखत असतानाही.

"तनू, दुखायचं का गं?"

तनूने आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग सिस्टरांच्या पर्सकडे. टिकल्यांचं पाकीट आज त्यातच असणार हे तिने ओळखलं होतं.

"टिकली नका देऊ," ती म्हणाली. "दुखायचं."

"लय?"

"लय."

"मग मला 'नाय' का सांगायचीस?"

तनूने जरा विचार केला. "तुम्ही हसायच्या ना मग."

मी आयुष्यात पुष्कळ रडणारी माणसं पाहिली आहेत, दवाखान्यात दुसरं काय असतं. पण त्या ओट्यावर गांगुर्डे सिस्टर रडल्या तसं रडणं मला बघवलं नाही. आवाज नाही, काही नाही. नुसतं पाणी. मग त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरले, शाळेत पोरं धरतात तसे, आणि त्या सात वर्षांच्या पोरीला म्हणाल्या, "चुकलं माझं. मी चुकीचं विचारत होते. परत नाही विचारणार तसं."

तनूला हसू आलं. एवढी मोठी बाई कान धरून बसलेली तिने कधी पाहिली नव्हती. सिस्टरांनी पर्समधून नवी ट्यूब काढली. "बघ, मंगल. भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवतो तसा ठेवायचा. पसरवायचा नाही. वर ही पट्टी. आणि ही वेळ." दोन्ही हातांवर लावलं, एका हातावर शीर नाहीच सापडली तर दुसरा. बॉलपेनने वेळ लिहिली, ९.४०. तनूला म्हणाल्या, "आज दुखेल की नाही ते मी सांगणार नाही. तू मला सांगायचं. दुखलं तर दुखलं."

तनू आली. कुणी उचललं नाही, आपल्या पायाने एसटीत चढली, आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. मी आणि सिस्टर मागच्या बाकावर. ओझर गेलं तेव्हा माझ्याने राहवेना.

"सिस्टर, मला माहीत होतं. तिचा हात आवळायचा."

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"मग बोलला का नाही?"

मी खरं ते सांगितलं. "तुम्हाला बरं वाटायचं."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आता 'हाई काय शे' येणार म्हणून मी तयार होतो. पण त्या हसल्या, डोळे पुसत हसल्या. "म्हणजे तुम्ही दोघं मिळून वर्षभर मलाच मलम लावत होता तर."

रक्तपेढीला सकाळीच फोन केलेला होता. वॉर्डात पोचलो, मी पट्टी काढली, मलम पुसलं. कातडी पांढरी पडलेली. कोमट पाण्याचा मोजा, दहा मिनिटं. मग सुई लावली. बोटं आवळली नाहीत. अंगठा वळला नाही. तनू आपल्याच हाताकडे दुसऱ्याच्या हाताकडे बघावं तशी बघत होती. सिस्टर शेजारी उभ्या, तोंड मिटलेलं, मुद्दाम एक शब्दही बोलत नव्हत्या. शेवटी तनूच म्हणाली, "थोडंसंच. आत जाताना. वर नाय."

त्या 'थोडंसंच'ने सिस्टरांचा चेहरा जसा उजळला तसा त्या दारावरच्या कुठल्याच टिकलीने उजळला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वॉर्डात गेलो तर त्या कपाटापुढे स्टुलावर बसून चमच्याच्या दांड्याने टिकल्या खरवडत होत्या. "यातल्या खऱ्या किती आणि माझ्यासाठी किती, कसं कळणार आता?" एवढंच म्हणाल्या. मी दुसरा चमचा आणला. सारं दार साफ करायला आम्हाला तीन दुपारी लागल्या. डिंकाचे बारीक ठिपके मात्र शेवटपर्यंत राहिले.

टिकल्यांच्या जागी बेदाणे आले. ती कल्पना मंगलची म्हणावी लागेल, कारण पुढच्या पाळीला तिने घरचे बेदाणे आणले होते. सिस्टरांनी स्टीलच्या डबीत भरून ठेवले आणि नवा प्रश्न सुरू केला. "किती दुखलं? नाही दुखलं तर एकही नाही, लय दुखलं तर पाच. तेवढे उचल आणि खा." दोन दिवसांत सगळ्या वॉर्डाला प्रचंड दुखायला लागलं. ज्याला त्याला पाच. एकाने तर सुई लावायच्या आधीच पाच उचलले. मी हसून हसून बेजार. सिस्टरांनी कपाळावर हात मारला, "मी परत तेच केलं की!" आणि नियम बदलला. पाच बेदाणे प्रत्येकाचेच. दुखो, न दुखो. ते खाटेवर ओळीने मांडायचे, जेवढं दुखलं तेवढे बोटाने पुढे सरकवायचे, सिस्टरांनी बघायचं, आणि मग पाचही खाऊन टाकायचे. अगदी लहानांना बेदाणे नाहीत, त्यांचं रडणंच ऐकायचं. हे मात्र जमलं. पोरं खरं सांगायला लागली. कधी एक, कधी दोन, आणि एखाद्या दिवशी माझा हात चुकला की थेट चार, माझ्याकडे रोखून बघत.

त्या बेदाण्यांनी सिस्टरांना बरंच शिकवलं. मलम नीट लावलं तर बहुतेकदा एक किंवा दोन. घाईत वीस मिनिटांत पट्टी काढली तर तीन-चार, म्हणजे न लावल्यासारखंच. मांडीतल्या लशीला वरची टोच कमी, पण औषध आत जाताना तीन तरी. आणि ज्या पोराला घरून "गप्प बस, नाहीतर सुई देतील" म्हणत आणलेलं असे, त्याचे मलम असो की नसो, पाचच. असं म्हणत आणणाऱ्या आजीला त्या बाजूला घेऊन जे काही सांगायच्या ते मी लिहीत नाही. त्यानंतर कुणी मलमाने फरक पडतो का असं विचारलं की त्या सरळ उत्तर द्यायच्या नाहीत. "डबी घ्या, पोराला विचारा, आणि ते सांगेल ते खरं माना," म्हणायच्या.

त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी भाषणात फक्त एवढं बोलल्या, "तास पाळा." मग शहरातच, इंदिरानगरला भाच्याकडे राहायला गेल्या. मधूनमधून वॉर्डात यायच्या, डबी भरलेली आहे का बघून जायच्या.

गेल्या वर्षी त्या आमच्याच दवाखान्यात आल्या, वरच्या मजल्यावर, पेशंट म्हणून. कर्करोग हाडांत उतरलेला होता. अंग निम्मं झालेलं, अंबाड्याऐवजी एक बारीक वेणी. भाचा गुणी, नोकरी सांभाळून दिवसरात्र त्यांच्यापाशी. तो दर थोड्या वेळाने वाकून विचारायचा, "मावशी, नाही ना दुखत?" आणि त्या म्हणायच्या, "नाय रे बाबा. तू जेवून घे." मी विचारलं, मलाही तेच. डॉक्टरांनाही तेच. तक्त्यावर लिहिलेलं असायचं, आराम आहे. मी त्यांच्या पायाशी बसलेलो असायचो, आणि चादरीखाली त्यांच्या पायाचा अंगठा वळलेला मला दिसायचा. वर्षानुवर्षं तेच काम केलेला माणूस मी. पण पुन्हा माझी जीभ उचलत नव्हती. त्यांनी ज्याच्यासाठी खोटं बोलावं तो भाचा दारात उभा, डोळ्यांत प्राण आणून.

एका गुरुवारी तनूची पाळी होती. कॉलेजात शिकते आता, वेण्या गेल्या, तोंड तेवढंच चालू. खाली रक्त चढवून झालं आणि ती हाताला पट्टी तशीच ठेवून वर आली. सिस्टरांच्या गालाला गाल लावला, दोन मिनिटं इकडचं तिकडचं बोलली. मग विचारलं, "कसं वाटतंय?"

"मला काय धाड भरलीय? काही दुखत नाय."

तनू खाटेजवळ सरकली. पिशवीतून एक पुडी काढली. सिस्टरांच्या हाताजवळ चादरीची सुरकुती नीट केली आणि तिथे बेदाणे मांडले. एक, दोन, तीन, चार, पाच. मग हात मांडीवर घेऊन बसली.

सिस्टरांनी बेदाण्यांकडे पाहिलं. भाच्याकडे पाहिलं. मग तनूकडे बराच वेळ. मला वाटलं, आता हसण्यावारी नेतील. त्यांनी बोट उचललं. पहिला बेदाणा सरकला. दुसरा. तिसरा. चौथ्याला थोडा वेळ लागला. पाचव्यावर बोट थांबलं, आणि मग तोही पुढे गेला.

भाचा दारातून पुढे आला आणि खाटेची दांडी धरून उभा राहिला. "मावशी," एवढंच म्हणाला. तनू उठून पळतच ड्युटीवरच्या सिस्टरांच्या टेबलाकडे गेली. तिचा आवाज मला ऐकू येत होता, "आत्ता, आत्ता डॉक्टरांना बोलवा. पाच सांगतायत त्या. पाच." मला रडू फुटलं होतं आणि ते मी लपवलं नाही.

औषध यायला थोडा वेळ लागला. तेवढ्यात गांगुर्डे सिस्टरांनी एकेक बेदाणा उचलून तोंडात टाकला, नियमाप्रमाणे. डोळे मिटून सावकाश चावत होत्या. शेवटचा संपला तेव्हा डोळे उघडून मला म्हणाल्या, "जाधव, किती वाजले ते बघून ठेवा. औषध दिल्यावर तासाने परत विचारा मला."

मी खिशातलं बॉलपेन काढलं आणि त्यांच्या हातावर, सलाइनच्या पट्टीवर, वेळ लिहिली.